ताईंच्या नावावरची सर्व्हिस

रुग्णालयाच्या कॉम्प्युटर विभागात ताईंनी उमेदीची सगळी वर्षं काढली. सर्व्हर बंद पडला की ताई हजर. यात हाल झाले थोरल्या बहिणीचे. "येते गं अक्का" म्हणायचं आणि ऐन निघायच्या वेळी काहीतरी अडायचं. अक्का म्हणायची, "मी बोलावलं की तो मेला सर्व्हर मुद्दाम पाय पसरतो." मागच्या खेपेला तर ती रुसून फोनही घेईना.

निवृत्तीच्या दिवशी ताईंनी हाताखालच्या मुलीला बजावलं, "मी गेले की माझं लॉगिनचं खातं बंद कर. दुसऱ्याच्या घराची किल्ली कनवटीला लावून कुणी फिरतं का?" मुलीचा आवाज बारीक, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. तिने ते इमानदारीत केलं.

सोमवारी ताई देवापुढे हात जोडून, बॅग घेऊन अक्काच्या गावाला जाणाऱ्या दुपारच्या बससाठी निघणार, तोच चिमणीचा फोन. "ताई, मशीन अपडेट होऊन रीस्टार्ट झालं. वॉर्डात रिपोर्ट पाठवणारी सर्व्हिस उठतच नाहीये. लॅबवाले कागद घेऊन जिने चढतायत."

ताई बॅगेसकट तिथे पोचल्या. मोठे डॉक्टर दारातच उभे.

"बघा, तुमच्याशिवाय पान हलत नाही. सहा महिने थांबा, मी पत्र काढतो."

चिमणीचं तोंड एवढंसं झालं. ताईंनी घड्याळाकडे पाहिलं. आता थांबलं तर अक्का जन्मात बोलायची नाही.

ताईंनी चिमणीला विचारलं, "लॉगमध्ये काय नोंद आहे?"

"लॉगिन जमलं नाही म्हणते."

"कुणाचं?"

चिमणी पुटपुटली, "तुमचं, ताई."

क्षणभराने ताईंना हसूच फुटलं. फार पूर्वी घाईघाईत त्यांनीच त्या सर्व्हिसला, म्हणजे मशीनमध्ये आपोआप चालणाऱ्या त्या प्रोग्रॅमला, आपलं खातं देऊन ठेवलं होतं. पुढे ते विसरूनही गेल्या. आज रीस्टार्टनंतर ती त्यांच्या नावाने आत जायला बघत होती आणि ते नाव तर शिल्लकच नव्हतं.

"म्हणजे मी घरी बसले तरी माझं भूत इथे राबत होतं."

डॉक्टर म्हणाले, "मग तुमचं खातं उघडा, झालं."

"उघडलं की मी पुन्हा इथेच. सर्व्हिसला तिचं स्वतःचं खातं द्यायचं. चिमणे, बस खुर्चीत."

ताईंचे हात शिवशिवत होते. त्यांनी ते मांडीखाली दाबून धरले. चिमणीने नवं खातं काढलं, सर्व्हिसला जोडलं, चालू केलं. सर्व्हिस पुन्हा आपटली.

"आता म्हणते, रिपोर्टच्या फोल्डरला हात लावायची परवानगी नाही."

"छान झालं की! तक्रार बदलली म्हणजे गाडी पुढे सरकली."

चिमणीने परवानगी दिली. सर्व्हिस उठली, आणि वरच्या वॉर्डातून नर्सचा फोन आला की प्रिंटर कागद ओकतोय.

"आता मशीन रीस्टार्ट कर. आपण कुणी नसताना ती आपली आपण उठली पाहिजे."

ती उठली. डॉक्टर चिमणीकडे बघत म्हणाले, "पत्र राहू द्या मग."

बस सुटता सुटता ताईंनी अक्काला फोन लावला. आज तिने उचलला.

"बोल, काय बंद पडलं?"

"काही नाही. खिडकीची जागा मिळाली."

पलीकडे अक्काचा आवाज घरभर घुमला, "अहो, ऐकलंत का? ती खरंच निघालीय. वरच्या खोलीतला पसारा आवरा आधी!"