"उतरली का रे?"

मंडळी, आज स्वतःचीच लाज काढतोय. शिव्या घालायच्या तर घाला, पण आधी वाचा.

काल कल्याणला मामेभावाची हळद होती. आमच्याकडची हळद म्हणजे डीजे आणि दारू, वेगळं सांगायला नको. मीही भरपूर प्यायलेलो. चार तास झोपलो. सकाळी मामीने लिंबूपाणी दिलं, आंघोळ केली, एकदम फ्रेश वाटलं. आईला संध्याकाळच्या लग्नासाठी आमच्या कोपरीच्या घरून साडी आणायची होती. मी गाडीची चावी उचलली.

"उतरली का रे?" आईने विचारलं.

"कधीच उतरली गं!"

ती बिचारी शेजारी येऊन बसली.

कल्याणमध्येच एका शाळेसमोर पुढची रिक्षा थांबली. मला ती दिसली. अगदी नीट दिसली. पण पाय ब्रेकवर पोचलाच नाही वेळेवर. मी गाडी डावीकडे दाबली, आणि त्याच बाजूने एक मुलगी रिक्षातून उतरत होती.

ती मागे सरकली म्हणून वाचली. तिची पाण्याची बाटली माझ्या चाकाखाली गेली.

मी धावत उतरलो, तर तीच घाबरून म्हणाली, "सॉरी काका."

आई गाडीतून उतरली. रिक्षा करून एकटी निघून गेली. मी अजून गाडीला हात लावलेला नाही.

तुमच्याही घरी विचारतात ना, उतरली का म्हणून? ज्याला चढलीये त्यालाच का विचारतो आपण?