पाचवं बोट

इंग्रजी चाळीस आणि मराठी तीस, टायपिंगच्या दोन्ही परीक्षांत मी सेंटरवर पहिली आले होते. कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते. लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि टायपिंग येणाऱ्या माणसाला एकदम भाव आला होता. रोज कुठल्या तरी भाड्याच्या इमारतीवर नव्या ऑफिसची पाटी चढायची. पाटीचा रंग ओला असायचा आणि आत खुर्च्यांचा पत्ता नसायचा. कलेक्टर कचेरीत टायपिस्टच्या जागा निघणार होत्या. अट एकच, वर्षभराच्या अनुभवाचा दाखला. मला ती नोकरी हवी होती, अगदी जिवापाड हवी होती. आमच्या घरात महिन्याच्या महिन्याला पगार येतो म्हणजे काय, हे तोवर कुणी पाहिलं नव्हतं.

त्या दाखल्यासाठी मी एका पेंडीच्या कारखान्यात टायपिस्ट म्हणून लागले. शेंगदाण्याचं तेल काढून झालं की मागं जी पेंड उरते, ती जनावरांचं खाणं. पाऊस दोन वर्षं फिरकला नव्हता, आमच्या गल्लीतला नळ आठवड्यातून एकदा घरघर करायचा, गावोगावची जनावरं हाडांवर आली होती आणि आमच्या कारखान्यातली पेंड ट्रकांत भरून मुंबईला आणि तिथून बोटीनं परदेशी जायची. तिकडच्या गाईंना ती फार मानवते, असं मालक कौतुकानं सांगायचे. माणूस वाईट नव्हता. पगार एक तारखेला हातात ठेवायचा, दारात उन्हाळाभर पाणपोई चालवायचा आणि मला त्यानं पंख्याखालची खुर्ची दिली होती. माझ्या टायपिंगवर त्याचा इतका भरवसा, की कागद न वाचताच सही करायचा. त्याची मला फार ऐट होती.

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, बैलांचे दलाल. पहाटेची एसटी धरून मुखेडच्या बाजाराला जायचे. खांद्यावर एक टॉवेल, तेवढंच त्यांचं दुकान. विकणारा आणि घेणारा टॉवेलाखाली हात घालणार, आप्पा मध्ये. एक बोट दाबलं की शंभर, दोन दाबली की दोनशे. भोवतीचे लोक नुसते टॉवेलाकडं बघत उभे. ही बोटांची भाषा मला अक्षरांच्या आधी आली. आप्पांचा एकच नेम होता. टॉवेलाखाली एकदा भाव ठरला, की तो हलायचा नाही. बाजाराची पावती फाडताना मात्र ते भाव कमी लिहायला लावायचे, फीचे चार रुपये वाचावेत म्हणून. तेही मला माहीत होतं.

अकरा महिने भरले आणि माझ्या हातून एक चूक झाली. परदेशी माल पाठवायचा म्हणजे मालक बिलाचा कच्चा कागद लिहून देणार आणि मी तो इंग्रजीत टाइप करणार. त्या दिवशीच्या कागदावर टनाचा भाव करारापेक्षा कमी होता. परदेशच्या गिऱ्हाइकाचा करार मीच फायलीला लावला होता, त्यातला आकडा मला तोंडपाठ होता. मला वाटलं, मालक घाईत चुकले. दोघांनी ठरवलेला भाव मध्येच कमी कसा होईल? मी दलालाची मुलगी. करारातला भाव घालून बिल टाइप केलं आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. मालकांनी नेहमीसारखी सही ठोकली.

चौथ्या दिवशी मुंबईहून, आमचा माल बोटीवर चढवणाऱ्या एजंटाचा ट्रंक कॉल आला. कागद कस्टममध्ये देण्याआधी त्यानं वाचला होता. मालकांनी मला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"भाव बदलायला तुला कुणी सांगितलं?"

"करारात तोच आहे, मालक. लिहिताना तुमची चूक झाली होती."

ते चक्क हसले. "चूक न्हाई ती, पोरी. तिकडचा गिऱ्हाईक बिलापुरतेच पैसे इकडं पाठवतो. वरचे तिथंच ऱ्हातेत, माझ्या साडूच्या पोराच्या नावानं. तिथल्या बँका कुणाचं नाव कुणाला सांगत न्हाईत. इथं आणले तर निम्मे सरकार खातंय. सगळेच करतेत."

त्यांनी तो कच्चा कागद पुन्हा माझ्या हातात दिला.

"उद्या सकाळी मी लिहिलेल्या भावानं नवं बिल टाइप कर. म्हैना भरला की दाखला तयार. वाटलं तर वर्षाच्या जागी दीड वर्ष लिहितो. पण तोंडातून एक शब्द बाहेर जायला नको."

शब्द बाहेर गेला नाही. संध्याकाळी घरी आले, आप्पांच्या खांद्यावरचा टॉवेल ओढला, त्याखाली त्यांचा हात धरला आणि पाचही बोटं दाबली. "हा ठरलेला भाव," मी म्हणाले. मग पाचवं बोट सोडून चारच दाबली. "आणि हा बिलातला."

"कुणाच्या बैलाचा?"

"बैलाचा नाही. पेंडीचा."

मग मला सगळं सांगावंच लागलं. आप्पांनी टॉवेलाची घडी घातली. "मी पावतीवर चार रुपये चोरतो," ते म्हणाले. "ते सांजच्याला हाटेलात भज्यावर जातेत. गावातच ऱ्हातेत. ह्ये पाचवं बोट परत येतंय का?"

"नाही."

"परवा मुखेडात एक खोंड उठंना. चौघांनी उचलून टेम्पोत घातलं. धनी मला इचारत हुता, लातुरात पेंड काय भावानं हाय." त्यांनी टॉवेल खुंटीला अडकवला. "दाखला मिळंल न्हवं तुला?"

"मिळेल."

"मग तुझं तू बघ."

वाचणाऱ्याला वाटत असेल, मी ते बिल मालकांच्या टेबलावर आपटून बाहेर पडले. तसं सांगायला मलाही आवडलं असतं. पण मी सकाळी वेळेवर गेले आणि कमी भावाचं बिल टाइप केलं. एकही चूक नाही. महिन्यानं दाखला मिळाला, त्यावर दीड वर्ष लिहिलेलं होतं. भरतीच्या परीक्षेत मी पुन्हा पहिली आले आणि कलेक्टर कचेरीत लागले. गल्लीत पेढे वाटले. मला लाज वाटत होती आणि आनंदही होत होता, दोन्ही खरं आहे.

कचेरीतल्या पहिल्याच दिवशी साहेबांनी एक पत्र टाइप करायला दिलं. शिरूर अनंतपाळकडच्या एका गावानं जनावरांच्या छावणीसाठी सरकारी खर्चानं पेंड मागितली होती, त्याचं उत्तर. मजकूर दोन ओळींचा होता. निधी उपलब्ध नसल्याने मागणी मान्य करता येत नाही. मी ते एका दमात टाइप केलं. साहेब म्हणाले, बाई, तुमचा हात फार स्वच्छ आहे.

संध्याकाळी आप्पा दारातच बसले होते. पहिल्या दिवशी काय काम दिलं, म्हणून त्यांनी विचारलं. मी पत्रातला मजकूर सांगितला. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून मांडीवर ठेवला.

"म्हंजे बिल बी तूच टाइप केलंस अन् ह्ये पत्र बी तूच."

"हाव, आप्पा," मी म्हणाले.