पंचवीस लिटरचा गिझर आणि आम्ही

दसरा होऊन गेल्यावर एका सकाळी न्हाणीघराच्या भिंतीवर तांबडा ओघळ दिसला. आधी वाटलं, वरच्या भाडेकरूंनी काहीतरी सांडलं. मग लक्षात आलं की वर आता भाडेकरू नाहीत, ते केव्हाच खोली सोडून गेले. पाणी आमच्याच गिझरच्या बुडातून गळत होतं.

मिस्त्री आला, गिझर भिंतीवरून उतरवून त्याने गच्चीत उताणा पाडला आणि आतून क्षाराचे पांढरे पोपडे काढून दाखवले. आमच्या गल्लीत बोअरिंगचं पाणी, भांड्यांनासुद्धा पुटं चढतात. "टंकी गल गई है, माताजी," तो म्हणाला. "अब मरम्मत का काम नहीं है. नया लीजिए." हे वारेपर्यंत मी या मिस्त्रीची भाभीजी होते. त्यानंतर माताजी झाले. वय तेच होतं, पण बढती मिळाली.

हे म्हणजे माझे यजमान. साताऱ्याकडचे, बँकेच्या नोकरीत बदली होऊन बनारसला आले आणि मंगला गौरीच्या देवळाजवळच्या आमच्या घरात जावई होऊन राहिले ते कायमचेच. मी इथलीच. आमच्या घराण्याच्या कितीतरी पिढ्या इथेच गेल्या, त्यामुळे आमची मराठी घरच्या घरी मुरलेली आणि हिंदीत बुडवून काढलेली. त्यावरून यांनी मला जन्मभर छळलं.

गिझर आणला होता तो खास दिवाळीसाठी. कार्तिकात आमची अर्धी गल्ली उजाडायच्या आत पंचगंगा घाटावर थंड पाण्यात बुडी मारून येते. आणि आम्ही मराठी माणसं नरकचतुर्दशीला अंगाला तेल-उटणं चोळून घरात कढत पाण्याने न्हाणार. शेजारणी हसायच्या, दाराशी गंगा असताना तुम्ही नळाचं पाणी तापवता म्हणून. पण यांना अभ्यंगस्नान कढत पाण्याचंच लागे, आणि घरातल्या सगळ्यांचं एका दमात व्हायला हवं असे. म्हणून पंचवीस लिटरचा.

रोजची रीतही ठरलेली होती. आधी हे जायचे, कारण ऑफिसची घाई. बाहेर आले की गिझरचं बटण पुन्हा चालू करून ठेवायचे आणि म्हणायचे, "दिवा विझला की जा." तांबडा दिवा विझला म्हणजे पाणी तापलं. निवृत्तीनंतर घाई उरली नाही तरी रीत तीच राहिली. हे गेल्यावर मी एकटीच न्हाते, टाकीतलं अर्धंही पाणी संपत नाही. तरी दिवा विझला की मी लगेच आत जात नाही, उगीच थोडी थांबते. कुणीतरी आधी जायचं असतं, असं अंगवळणी पडलं आहे.

गिझर उतरवला त्याच संध्याकाळी मुलाचा फोन आला. तो बंगळुरूला असतो, बायको आणि मुलीसह. हे गेल्यापासून दिवाळीला इथे कुणी आलं नव्हतं. पहिल्या वर्षी सण करायचाच नव्हता आणि नंतर काही ना काही निघत गेलं. मी गिझरचं रडगाणं लावलं तर त्याने मधेच सांगितलं, "आई, दिवाळीला आम्ही येतोय."

मला पुढचं काही ऐकूच आलं नाही. फोन ठेवला आणि उटणं कुठे मिळेल याचा विचार सुरू केला. नात तेल लावून घेईल का, की रडेल, तेही मनात येऊन गेलं.

दुसऱ्या दिवशी चौकातल्या दुकानात गेले. सौरऊर्जेचं यंत्र घ्या, असं शेजारच्यांनी सुचवलं होतं, पण आमच्या गच्चीवर माकडांचं राज्य आहे. त्यांनी टाक्यांची झाकणं ठेवली नाहीत, नळ्या काय ठेवणार. तेव्हा साधा विजेचाच. दुकानदाराने ओळीने गिझर दाखवले. एक तर मोबाईलवरून चालू होणारा होता. "आप बाहर से आ रही हैं, घर पहुँचते-पहुँचते पानी तैयार," तो म्हणाला. मी विचारलं, मी बाहेर म्हणजे कुठे जाते? त्यावर तो हसला आणि त्याने दुसरा दाखवला. त्याच्या टाकीला आतून काचेचा लेप होता. आत मॅग्नेशियमची कांडी असते, पाणी टाकीऐवजी आधी तिला खातं, अधूनमधून ती बदलली की टाकी टिकते, हे त्याने नीट सांगितलं. आमच्या जुन्या गिझरमध्येही तशी कांडी असणार, ती कधी कुणी बदलली नाही. मला हे पटलं. मग त्याने विचारलं, "घर में कितने लोग हैं?"

"हम हैं," मी म्हणाले.

"अकेली हैं. तब तो पंद्रह लीटर बहुत है. बिजली भी कम खाएगा."

त्याचं काहीच चुकलं नव्हतं. बनारसमध्ये हम म्हणजे एकच माणूस. इथे रिक्षावाल्यापासून महंतापर्यंत कुणी स्वतःला मैं म्हणत नाही. तीच सवय आमच्या मराठीत उतरलेली. "आम्ही बाजारात जाऊन येतो," असं मी म्हटलं की हे वर्तमानपत्रातून मान वर करून विचारायचे, "आम्ही म्हणजे कोण कोण?" मी चिडायचे. "आम्ही न्हायला जातो," म्हटलं की, "किती जण निघालात? पाणी पुरेल ना?" हा विनोद यांनी लग्नाच्या पहिल्या आठवड्यात केला आणि दवाखान्यातल्या खाटेवरही सोडला नाही. तिथे मी म्हणाले होते, "आम्ही आहोत इथेच, झोपा तुम्ही." डोळे मिटलेलेच होते, तरी ओठ हलले. कोण कोण.

कोण कोण, असं दुकानदाराला विचारावंसंही वाटलं नाही. त्याने एका शब्दात मला मोजलं. मला राग आला, आणि रागाच्या खाली जे होतं ते रागापेक्षा वाईट होतं. मला एकटं वाटलं, भर बाजारात. जन्मभर मी आम्ही म्हणत आले ती माझी चूकच होती, पण कुणीतरी ती चूक धरत होतं तोवर घरात दोघं होतो.

"पच्चीस दीजिए," मी जरा जोरातच म्हणाले. "दिवाली में बेटा-बहू आ रहे हैं, पोती भी."

तो मुकाट्याने पंचवीस लिटरचा काढायला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रीने गिझर बसवला. जुन्या खुंट्यांची भोकं कामी आली नाहीत, नवी पाडावी लागली. जुनी दोन तशीच भिंतीत राहिली आहेत. त्याने पाणी भरून घेतलं, जोडांवरून हात फिरवून गळत नाही ना पाहिलं, बटण दाबलं आणि तो गेला. तांबडा दिवा लागला. दिवा जुन्यापेक्षा लहान आहे, पण जागा तीच.

मला कुणाला तरी सांगायचं होतं. मुलाला फोन लावला.

"अरे, गिझर बसला. पंचवीसचाच घेतला. दुकानदार पंधराचा गळ्यात मारत होता. म्हटलं, तुम्ही तिघं येणार, पहाटे एकामागोमाग एक आंघोळी, पंधरात काय होतंय."



"आई," तो म्हणाला, "तिघं नाही गं. आम्ही म्हणजे मीच. त्या दोघी तिच्या आईकडे जाणार आहेत, तिकिटंही काढलीत. मला वाटलं तुला कळलं."

"आम्ही म्हणालास ना तू."

"अगं, तुझ्याकडूनच शिकलो ना असं बोलायला."

खरं होतं. याच घरात, याच न्हाणीघराच्या दाराशी उभा राहून तो ओरडायचा, आई, आम्ही नाही न्हाणार आज. अख्ख्या बनारसमध्ये त्याचं आम्ही मलाच सगळ्यांत आधी कळायला हवं होतं. पण त्या दिवशी फोनवर मी ते यांच्या मराठीत ऐकलं, साताऱ्याच्या. हे असते तर यांनी पहिल्याच वाक्याला त्याला पकडलं असतं. मला विचारायचं सुचलं नाही, की विचारायचं नव्हतं, ते मला अजून ठरवता येत नाही. नात तेल लावून घेईल की रडेल, हे माझ्यापुरतं तिथेच संपलं.

"गिझर परत करता येईल का?" त्याने विचारलं. त्याला वाईट वाटलं होतं, आवाजावरून कळत होतं.

"परत कशाला? भिंतीला भोकं पाडून झालीत."

"मग मी येऊ ना? एकटाच आलो तर चालेल ना तुला?"

बोलता बोलता मी न्हाणीघरापाशी येऊन उभी राहिले होते. नव्या गिझरचा दिवा विझला होता. चौघांना पुरेल एवढं पाणी तापून तयार होतं.

"ये की," मी म्हणाले. "आम्ही आहोतच घरी."

तो बरं म्हणाला. मी फोन कानालाच धरून थोडा वेळ थांबले. कोण कोण, असं त्याने विचारलं नाही.