तीन लाल कोंबड्या

टेबलावर तीन लाल कोंबड्या ठेवून मी प्लांट मॅनेजर मोऱ्यांना बोलावून घेतलं. पिसं काढलेली कोंबडी फिकट दिसायला हवी. या तिघी मानेपासून छातीपर्यंत लालभडक होत्या.

"ट्रान्सपोर्टमध्ये लागलं असेल मॅडम," मोरे म्हणाले.

लागलं नव्हतं, आणि ते मोऱ्यांनाही ठाऊक होतं. मी जनावरांची डॉक्टर. मानखुर्दच्या पुढे एका चिकन प्रोसेसिंग प्लांटमध्ये तपासणीच्या कॉन्ट्रॅक्टवर होते. कोंबडी अशी लाल निघाली की आमच्या धंद्यात त्याचा अर्थ साधारण एकच होतो. ती गरम पाण्याच्या टाकीत जिवंत गेली.

कसं ते सांगते. कोंबड्या पायांनी उलट्या लटकून चेनवरून पुढे सरकतात. आधी त्यांचं डोकं करंट सोडलेल्या पाण्यातून जातं. याला स्टनिंग म्हणतात. कोंबडी बेशुद्ध होते. मग सुरी, मग रक्त निथळतं, मग पिसं सुटावीत म्हणून गरम पाणी. करंट कमी पडला तर ती शुद्धीवर राहते, फडफडते, सुरीचा घाव चुकतो. चेन मात्र पुढेच जाते.

करंट तपासणं माझं काम होतं. रोज सकाळी वरच्या केबिनमधल्या पॅनेलवरचा आकडा वाचायचा, रजिस्टरमध्ये लिहायचा, सही ठोकायची. आठ महिने आकडा बरोबर होता.

मोऱ्यांना तिथेच सोडून मी खाली लाइनवर गेले. सुरीवर हसनभाई होते. रत्नागिरीकडचे, सगळी हयात याच कामात गेलेली. त्यांच्यासमोर आलेल्या कोंबडीच्या डोळ्याला मी बोटाचं टोक लावलं. बेशुद्ध कोंबडी पापणी हलवत नाही. हिने पटकन मिटली. पुढचीनेही, तिच्या पुढचीनेही.

"आज कळलं होय डॉक्टरबाई?" हसनभाई म्हणाले. "तुमची सही झाली की करंट खाली करतात. मोरेसाहेबांना दोनदा बोललो मी."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही खाली कधी आलात?" ते म्हणाले. "मला बापाने शिकवलंय, जनावराला सुरी दाखवायची नाही. इथे एकेक कोंबडी सुरी बघत येते."

लाज वाटली, आणि त्याहून जास्त संताप आला. मी स्टॉपचं बटण दाबलं आणि लटकलेल्या कोंबड्या उतरवायला लावल्या.

मोरे धावत आले. "मॅडम, वाट लावलीत यार! बाहेर गाड्या उभ्या आहेत."

"करंट कोण कमी करतं?"

"वाढवला की मांसात रक्ताचे ठिपके येतात. अंधेरीवाला क्लायंट माल परत पाठवतो. मी काय करू?"

हा अंधेरीवाला क्लायंट म्हणजे एक नवा ब्रँड. ते ॲपवरून पॅकबंद चिकन विकायचे आणि त्यांना आता पाकिटावर 'वेदनारहित' असं छापायचं होतं. त्यासाठी डॉक्टरची सही हवी होती. ती घ्यायला त्यांच्या अदिती मॅडम नेमक्या त्याच दुपारी येऊन ऑफिसात बसल्या होत्या. मी तशीच, रबरी बुटांनी आत गेले आणि खाली काय पाहिलं ते सांगितलं.

"ठिपके दिसले की लोक फोटो टाकतात, डॉक्टर," त्या शांतपणे म्हणाल्या.

"मग ठिपके का येतात ते पाकिटावर छापा. आणि आता माझ्याबरोबर खाली चला. एकीच्या डोळ्याला बोट लावून बघा."

"नको, मला नाही बघवत. खरं तर मी व्हेज आहे."

माझं डोकं फिरलं. मी स्वतः चिकन खाते. कोंबडी मारावी लागते हे मला मान्य आहे, आणि त्या मारण्याला गोड नाव देऊ नये असंही मला वाटतं. पण ज्यांना बघवतही नाही त्यांनी 'वेदनारहित' लिहून पैसे कमवायचे? वर माझ्या सहीने? हे सगळं मी त्यांना ऐकवलं, बऱ्यापैकी वरच्या आवाजात.

"डॉक्टर, ती फक्त फॉर्मॅलिटी आहे," त्या म्हणाल्या.

मी सही केली नाही.

खाली मोरे ओरडत होते, "हसनभाई, लाइन चालू करा."

हसनभाईंनी सुरी धुतली आणि स्टीलच्या टेबलावर ठेवली. "करंट वाढवा, मग उचलतो."

सुरीवरच्या बाकी दोघांनीही आपापल्या सुऱ्या तिच्याशेजारी ठेवल्या. सुरीवाल्यांशिवाय लाइन चालत नाही आणि उन्हात गाड्या खोळंबल्या होत्या. दहा मिनिटांत मोऱ्यांनी स्वतः वर जाऊन करंट वाढवला. शिफ्ट संपेपर्यंत मी लाइनवरच उभी होते. एकीचीही पापणी हलली नाही.

महिन्याभरात माझं कॉन्ट्रॅक्ट संपवण्यात आलं. हसनभाईंना पॅकिंगला टाकलं. सुरीच्या कामात एवढा तयार माणूस आता खोक्यांना टेप लावतो.

पाकिटावर 'वेदनारहित' छापून आलंच. सही माझ्या जागी आलेल्या डॉक्टरांची. मी त्यांना फोन केला. लाइनवर जाऊन बघितलंत का, असं सरळ विचारलं.

"गरज नाही मॅडम," ते म्हणाले. "पॅनेलवरचा आकडा अगदी बरोबर आहे."

मी त्यांच्यावर भडकणार होते, पण फोन ठेवून दिला. त्या तीन लाल कोंबड्या दिसेपर्यंत कोणी मला विचारलं असतं, तर मीही हेच सांगितलं असतं.