अण्णांचे कान

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही अण्णांना ओळखत नाही.

अण्णा म्हणजे माझे वडील. सातवी पास, एकलहऱ्याच्या वीज केंद्रात टर्बाइनपाशी नोकरी. पण नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत कुणाचा रेडिओ, टेप, स्पीकर बिघडला की आमच्याच घरी यायचा. अण्णा कान लावायचे आणि सांगायचे – पडदा फाटलाय, कॉईल घासतेय. चुकायचे नाहीत. आणि मी? घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट, बी.एस्सी. फिजिक्स. त्याचा मला अभिमान आहे, आजही आहे, लपवत नाही.

अण्णा रिटायर झाले तेव्हा मी जुन्या हाय-फायच्या नादी लागलो होतो. पुण्याहून छोट्या स्पीकरची एक जुनी जोडी आणली – पुस्तकांच्या फळीवर मावेल एवढी. रविवारी सकाळी तीन मित्र ऐकायला आले; मी एका गायिकेची रेकॉर्ड लावली. एक म्हणाला, आवाज मधासारखा. दुसऱ्याने नाक मुरडलं – एवढ्याशा खोक्यातून बेस कुठून येणार? तिसऱ्याच्या मते जुन्या मालाची चव कळायला वेळ लागतो. अण्णा दारात उभे राहून ऐकत होते. म्हणाले, "दोघं भांडतायत रे. गाणारी मधी उभीच राहत नाय."

मी मित्रांकडे बघून म्हणालो, "तीस वर्षं टर्बाइनच्या गोंगाटात काढलीत अण्णा, कान कुठे राहिलेत आता?" सगळे हसले. अण्णाही हसले.

खरं सांगू? मला त्या आवाजातलं काहीच कळलं नव्हतं – ना चांगलं, ना वाईट.

मित्र गेल्यावर मागून पाहिलं. डाव्या स्पीकरची लाल-काळी वायर मीच उलटी जोडली होती. दोन्ही पडदे एकदम हलले तरच आवाज मधोमध येतो; इथे एकाचा पडदा पुढे, तेव्हा दुसऱ्याचा मागे – गाणारी मध्ये उभी राहणार कशी? मी वायर सरळ केली. पुढच्या रविवारी अण्णा म्हणाले, आज बरोबर वाजतंय, काय केलंस? मी म्हणालो, हातही लावला नाही.

इथे थांबलो असतो तरी – पण थांबलो कुठे?

अण्णांना धास्ती बसली. स्वतःच कान तपासून आले. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मी आणला. इंग्रजीत होता, आणि घरात तेव्हा इंग्रजी वाचणारा मी एकटा. लिहिलं होतं – वयाच्या मानाने कान उत्तम. अण्णा समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हणालो, "थोडे गेलेत, अण्णा."

का म्हणालो? वायरची चूक उघडी पडेल म्हणून? एवढ्यासाठी? – दुसरं कारण मला आजवर सापडलेलं नाही.

त्यानंतर कुणी रेडिओ घेऊन आलं की अण्णा म्हणायचे, पोराला दाखव, तो शिकलेला आहे. भजनात टाळ घेऊन बसायचे, तेही सोडलं – आपण बेताल वाजवू म्हणून. अशी सात वर्षं.

मागच्या वर्षी ते गेले. शेवटी दवाखान्यात नर्स दाराबाहेर हळू बोलली तरी त्यांना ऐकू जायचं. ती काय म्हणाली ते मला सांगायचे, आणि मग विचारायचे, "बरोबर ऐकलं का रे मी?"

मी नुसती होकारार्थी मान हलवायचो.