उभं राहिलेलं लाकूड

मी लग्न होऊन नरसीच्या पलीकडच्या त्या गावात आले, तेव्हा ओढ्यातल्या डोहात अर्जुनसादड्याचं एक जुनं झाड आडवं पडलेलं होतं. ते कधी पडलं हे कुणालाच आठवत नव्हतं. त्याच्या मुळ्यांत वाहून आलेली लाकडं, फांद्या, पालापाचोळा अडकून मोठा ढीग झाला होता आणि त्या ढिगाखालचं पाणी कायम काळं आणि गार असायचं. उन्हाळ्यात बाकीचा ओढा आटला तरी तिथं माणूस बुडेल एवढं पाणी राही. मरळ, वाम, शिंगटे, सगळी मासळी त्या लाकडाच्या आडोशाला येऊन राहायची. घागर बुडवताना पायाला काहीतरी गुळगुळीत घासून जायचं. नवी नवरी असताना मी दचकायची. पुढं सवय झाली.

माझा धाकटा दीर त्याच डोहात गेला. पोहण्यात त्याचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. भादव्यातल्या एका दुपारी लाकडाखालची मरळ धरायला त्यानं बुडी मारली आणि तो वर आलाच नाही. वरच्या अंगाला पाऊस झाला होता, पाणी चढत होतं. वाहून गेला असेल म्हणून लोक पार कयाधू नदीच्या संगमापर्यंत बघून आले. दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं तेव्हा तो जागच्या जागीच दिसला. मुळीच्या बेचक्यात दंड अडकलेला, तोंड वर. पाण्याच्या ओढीनं केस हलत होते, त्यामुळं तो नाही नाही म्हणून मान हलवतोय असं वाटत होतं. माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्यांना धरून मीच काठावर उभी होते.

सासऱ्यांना, म्हणजे मामंजींना, रडताना कुणी पाहिलं नाही. दिवाळी सरल्यावर त्यांनी शेजारच्या लमाण तांड्याच्या नाइकांना बोलावलं. त्यांच्याकडं ओझ्याची सवय असलेले दांडगे बैल होते. मामंजी त्यांना एवढंच म्हणाले, "सगळं भाईर काढा. काडीसुदिक ठेवू नका."

दोरखंड लावून, बैल जुंपून ते झाड ओढून काढलं. सुटताना त्यानं तळातून असा आवाज काढला की बैल थबकले. मामंजींनी ते विकलं नाही. वाळवून काठावरच पेटवलं. इतकी वर्षं पाण्यात मुरलेलं लाकूड, ते धड जळेना आणि विझेना. कितीतरी दिवस धुमसत राहिलं, मधूनच सुस्कारा टाकल्यासारखं सुसकारत राहिलं. त्या धुराला मासळीचा वास होता. वाळत घातलेल्या लुगड्यांना तो वास लागायचा आणि धुतल्यावरही जायचा नाही.

पुढच्या पावसाळ्यात ओढा बदलला. अडवणारं काही नाही म्हणून पाणी सरळ सुटलं, डोहात वाळू भरली आणि ओढा पसरट झाला. उन्हाळ्यात घोट्याएवढं पाणी, तेही कोमट. पाणी उथळ झाल्यावर मासे कुठं गेले कळलं नाही. मासे गेले तसा खंड्या गेला, बगळे गेले. मला सगळ्यात जास्त जाणवली ती शांतता. पूर्वी पाण्यात सारखी काहीतरी हालचाल असायची, कुठं डुबुक व्हायचं, कुठं बुडबुडे यायचे. आता भर दुपारी पाण्याला गेलं की आपल्याच पैंजणांचा आवाज मागून दुसरं कुणी येत असल्यासारखा ऐकू यायचा. बायका एकट्यादुकट्या जाईनाशा झाल्या.

आत्याबाई मात्र रोज दिवस कलताना तिथं जाऊन बसायच्या. मी बोलवायला गेले की म्हणायच्या, "इथं आता कुणीच न्हाई गं. ते लाकूड होतं तवा तरी कुणी होतं."

अशी काही वर्षं गेली. ओढा आमच्या बाजूचा काठ खात चालला होता. एका पावसाळ्यात आमच्या बांधावरचं सादड्याचं मोठं झाड मुळांसकट कलंडलं आणि त्याचा शेंडा पाण्यात गेला. मामंजी कुऱ्हाड घेऊन निघाले. माझे मालक आणि मी मागोमाग गेलो. आत्याबाई आधीच तिथं जाऊन झाडाच्या बुंध्यावर बसल्या होत्या.

"ऊठ," मामंजी म्हणाले.

"न्हाई उठत. पडू द्या त्याला पाण्यात. आनखी दोन आनून टाका."

"त्या लाकडानं पोराला धरलं. इसरलीस?"

आत्याबाईंनी बुंध्यावर हात ठेवला. मग सावकाश म्हणाल्या, "धरलं व्हय. धरलं म्हनून तर मला त्याचं तोंड बघाया मिळालं. तुमी समदे खाली कयाधूला शोधून राहिले होते. त्या लाकडानं त्याला ठिवून घेतलं माझ्यासाठी. अन् तुमी त्यालाच जाळलं."

मामंजींनी कुऱ्हाड खाली टेकवली. ते शेतातून चालू लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते नाइकांना आणि त्यांच्या बैलांना घेऊन आले.

लाकूड काढणं जितकं सोपं, तितकं ते घालणं सोपं नव्हतं. आधी बाभळीचे सोललेले ओंडके टाकले. ते पहिल्याच पुरात गेले. मग उन्हाळ्यात मालकांनी आणि नाइकांनी बांधावरच्या त्या सादड्यासकट काठावरची कलंडलेली झाडं मुळांसकट ओढून आणली, मुळ्यांत दगड भरले आणि काही बुंधे काठात खोल चर खणून पुरले. ती टिकली. पुढच्या पावसात पाणी त्यांना वळसा घालून खाली घुसलं आणि त्यानं वाळू उपसून काढली. पुन्हा डोह पडला, पुन्हा त्याचं पाणी काळं दिसू लागलं.

आणि मग एका संध्याकाळी मी घागर घेऊन गेले तर डोहाच्या मधोमध कुणीतरी गळ्यापर्यंत पाण्यात उभं होतं.

माझ्या हातून घागर सुटली. ते डोकं हळूहळू खाली जात होतं, परत वर येत होतं, दम घेतल्यासारखं. मी पळत घरी आले. मालक कंदील न घेताच निघाले, अजून उजेड होता. त्यांनी काठावर उभं राहून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "लाकूड हाय."

टाकलेल्या झाडांपैकी एक काठातून सुटलं होतं. मुळ्यांतल्या दगडांच्या वजनानं त्याची मुळं तळाला गेली आणि शेंडा तोडलेला बुंधा वर येऊन ते डोहात उभं राहिलं होतं. कारण कळलं, पण भीती गेली नाही. वाऱ्यानं ते हळूच फिरायचं. काठावर कुठंही उभं राहा, थोड्या वेळानं त्याची कापलेली, फिकट बाजू आपल्याकडं वळायची. नाइकांच्या बैलांनी त्या काठावर पाणी प्यायचं सोडलं. नाइक स्वतः म्हणाले, "लाकडं लई पाह्यले बाई, पन असं उभं काहून राह्यलं हे, मला सांगता येत न्हाई." मालक ते ओढून काढू म्हणाले. आत्याबाईंनी हात लावू दिला नाही.

त्या त्याच्याशी बोलायच्या. मी लांबून ऐकलं आहे. विशेष काही नाही, ज्वारी कशी आली, गाय व्याली, असं. एकदा मला हाक मारून म्हणाल्या, "हिकडं ये, बघ." उभ्या लाकडाच्या भोवती पाण्यात एक लाल ढग होता. पसरायचा, आवळायचा, परत पसरायचा. मी मागं सरले. मग कळलं, ती मरळीची पिल्लं होती, शेंदरासारखी लाल, हजारो, एकमेकांना चिकटून फिरणारी. आणि खाली, काळ्या पाण्यात, त्यांची आई स्थिर उभी होती. आमच्याकडंच बघत होती.

त्यानंतर गडबडीचं वर्ष आलं. रझाकारांच्या भीतीनं गावंच्या गावं उठली. आम्हीही पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात गेलो. मामंजी आले नाहीत. "गुरं कोन बघंल?" म्हणाले आणि मागंच राहिले. आत्याबाई वाटेत एकदाही मागं वळल्या नाहीत.

निजामी संपून आम्ही परतलो तेव्हा गावात सगळी दारं उघडी होती आणि आत कुणी नव्हतं. आमच्या घरात चूल थंड, अंगणात गवत. मामंजी नव्हते. मालक शेताकडं पळाले आणि आम्ही दोघी त्यांच्या मागं.

ते ओढ्याच्या काठावर बसले होते. दाढी वाढलेली, अंगात नुसती हाडं. गुरं लोकांनी हाकून नेली होती. ते मात्र दिवसभर लव्हाळ्यात लपून राहायचे. आम्हाला बघून ते उठले नाहीत. डोहात ते उभं लाकूड दिसत नव्हतं.

"कुठं गेलं?" आत्याबाईंनी विचारलं.

"बसलं खाली. दुपारची येळ व्हती. माझ्या डोळ्यादेखत हळूच बसलं." मग इतक्या महिन्यांत कुणाशीच न बोललेला माणूस बोलतो तसे ते तुटक बोलत राहिले. "मी बी बोललो त्याच्यासंगं. तुझ्यावानी."

आत्याबाई त्यांच्या शेजारी बसल्या. त्या दोघांना मी असं जवळ बसलेलं पहिल्यांदा पाहिलं. डोहात मासळी इतकी होती की सगळं पाणी आतून हलत होतं. आम्ही काठावर आलो तरी मासे पांगले नाहीत. उलट वर आले. कितीतरी महिने त्यांनी एकच माणूस बघितला होता, आणि त्यानं त्यांना कधी धरलं नव्हतं. भूक असूनही का धरलं नाही, हे मी मामंजींना कधी विचारलं नाही.

तांडाही हळूहळू परत आला. नाइक जाळं घेऊन आले आणि बाजूला उभे राहिले. आत्याबाई म्हणाल्या, "टाका की. फकस्त लाल पिल्लं असतील ती मरळ सोडा." त्या पडत्या दिवसांत त्या डोहानं दोन्ही वस्त्यांना जेवू घातलं. पुढं वरच्या गावातल्या लोकांनीही मालकांना बोलावून आपल्या ओढ्यात झाडं घालून घेतली.

माझा पहिला मुलगा जरा मोठा झाला तेव्हाची गोष्ट. पोरगं पोहायला मागत होतं. त्याला मी त्या डोहात उतरू दिलं नाही, मळ्यातल्या विहिरीत कमरेला दोर बांधून शिकवलं. आत्याबाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांना राग येईल असं वाटलं होतं. त्या भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "बराबर केलंस," आणि तव्यावरची भाकरी उलटली.