टाकीचं बूच

आमच्या भागात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, तेही पाऊण तास. छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्याला हे सांगायची गरज नाही. माणसं पाण्याचा दिवस बघून पाहुण्यांना बोलावतात. त्यात आमच्याकडे दाब इतका कमी की मोटार लावल्याशिवाय गच्चीवरच्या टाकीत थेंब चढत नाही.

चार वर्षांपूर्वीच्या एका पाण्याच्या दिवशी मी शाळेत होते. मी शिक्षिका आहे. घरी बारा वर्षांची माझी लेक होती. निघताना मी तिला तीनदा बजावलं होतं, कारण ती धांदरट म्हणून घरात आणि गोतावळ्यात प्रसिद्ध होती. डबा शाळेत, छत्री रिक्षात, वही कुठे ते देवालाही ठाऊक नाही. वाक्याच्या मध्येच ती कुठेतरी निघून जायची आणि हाक मारली की दचकून आधी 'सॉरी' म्हणायची. फुलंब्रीहून सासूबाई आल्या की म्हणायच्या, "पोरीच्या जातीनं इतकं येंधळं राहून कसं चालंल?" मी वरवर चिडायचे, पण मनातून त्यांच्याच बाजूची होते.

संध्याकाळी घरी येऊन नळ सोडला, तर नुसती हवा. टाकी रिकामी.

"मोटार लावली होतीस?"

"लावली होती."

"मग पाणी कुठं गेलं? आकाशात?"

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "लावली होती, असं वाटतंय," ती म्हणाली. आणि मग अगदी हळू, "नसेल लावली."

माझं डोकं फिरलं. पुढचे आठ दिवस माझ्या डोळ्यांपुढे नाचत होते. मी तिच्या हातात बादली दिली आणि म्हटलं, आता चार घरी जा, एकेक बादली पाणी माग, आणि प्रत्येक दारात सांग, 'मी मोटार लावायला विसरले.' जन्मभर लक्षात राहील. मी दारात उभी राहून बघत होते. ती गेली, चारही घरी. चौथ्या घरून येताना बादली दोन्ही हातांनी धरून चालत होती आणि फ्रॉक गुडघ्यापर्यंत भिजला होता.

पहिलं घर शेजारच्या खालांचं. त्या तिच्या मागोमाग आमच्या दारात आल्या. "बच्ची को कायकू रुलाते बेटा? मोटर की आवाज तो आरी थी तुम्हारी."

"दुसऱ्या कुणाची असेल खाला," मी म्हटलं आणि दार लोटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले. पन्हाळीजवळची फरशी अजून ओली होती. टाकीच्या खाली धुण्याचं पाणी सोडायला एक भोक आहे, त्याला बूच असतं. ते बूच कठड्यावर होतं, मी ठेवलं होतं तिथेच. आदल्या रविवारी मीच टाकी धुतली होती आणि बूच लावायचं राहिलं होतं. पोरीनं मोटार लावली होती. पाऊण तास पाणी वर चढत होतं आणि पन्हाळीतून मागच्या गटारात जात होतं.

मी बूच लावलं, घट्ट. कपडे वाळत घातले. खाली आले आणि कुणाला काही बोलले नाही.

सांगायचं होतं, पण आधी शाळेची घाई होती, मग संध्याकाळ झाली, मग वाटलं आता कशाला उकरा. खरं कारण इतकं साधंही नाही. धांदरट तर ती होतीच. एक गुन्हा जास्तीचा तिच्या नावावर गेला तर काय बिघडतं, असं मला वाटलं. हे वाक्य लिहिताना आज मान खाली जाते.

ती सोळा वर्षांची झाली, दहावी रडतखडत निघाली, तेव्हा तिच्या वर्गशिक्षिकेनं मला बाजूला घेऊन सांगितलं, मॅडम, एकदा डॉक्टरांना दाखवा. मला राग आला. मी स्वतः बावीस वर्षं वर्गात उभी आहे, आणि मला हे दुसरीनं सांगावं? सासूबाई फोनवर म्हणाल्या, "डोस्क्याच्या डॉक्टरकडं? उद्या कोण इचारील तिला?" त्यांना नावं ठेवायला मी मोकळी नाही. तोच विचार माझ्या मनात त्यांच्या आधी येऊन गेला होता.

क्रांती चौकाजवळच्या त्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी आमच्याशी दोन-तीन वेळा बराच वेळ बोलून सांगितलं की हा एडीएचडी आहे, लक्ष एका जागी न टिकण्याचा विकार. मला हा शब्द माहीत होता. बाकावर उड्या मारणाऱ्या, फळा खाली पाडणाऱ्या मुलग्यांसाठी मी तो वापरायचे. "मुलींमध्ये तो बऱ्याचदा दिसत नाही," त्या म्हणाल्या. "त्या गप्प बसून आतल्या आत भरकटतात. आणि ते झाकायला शिकतात. सारखं सॉरी म्हणतात." खिडकीबाहेर बघणाऱ्या किती मुलींच्या प्रगतिपुस्तकावर मी 'हुशार आहे, पण आळशी' असं लिहिलं असेल, मला आठवेना.

मग त्यांनी लेकीला विचारलं, तुला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?

"मला खोट्या गोष्टीही आठवतात," ती म्हणाली. "लहानपणी एकदा मी मोटार लावली नव्हती. पण मला आठवत होतं की लावली. बटण दाबलं, लाल दिवा लागला, सगळं दिसत होतं. तेव्हापासून मी फोटो काढते."

तिनं मोबाइल पुढे केला. बंद गॅस. कुलूप. मिटलेलं दप्तर. चालू मोटार, लाल दिव्यासकट. शेकडो फोटो. या फोटोंवरून मी तिला कितीतरी वेळा बोलले होते, मोबाइलचं वेड म्हणून. डॉक्टरबाई माझ्याकडे बघत होत्या.

खाली स्कूटरपाशी आल्यावर सांगितलं. "त्या दिवशी तू मोटार लावली होतीस. टाकीचं बूच मी उघडं ठेवलं होतं."

"नक्की?"

"नक्की."

"तुला कधी कळलं?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी."

ती रडेल, ओरडेल, काहीतरी करेल असं वाटलं. ती म्हणाली, "म्हणजे लाल दिवा लागला होता." मागे बसली आणि माझ्या खांद्याऐवजी स्कूटरचं कॅरिअर धरून बसली.

गाडी लावल्यावर म्हणाली, "चार घरं होती." आणि क्रमानं चारही सांगितली, कुणी दार उघडलं, कोण काय बोललं, सगळं. त्यातलं मला एकही आठवत नव्हतं, खालांचं सोडून. "तिथं जाऊन सांग," ती म्हणाली.

मी बादली घेतली नाही, पण हात मोकळे राहिल्यानं अवघडच वाटत होतं. खालांनी दार उघडलं. मी सांगितलं, बूच मी विसरले होते, पोरीनं मोटार लावली होती, आणि मला हे चार वर्षं माहीत होतं. "मैं तो उसी दिन बोली थी," त्या म्हणाल्या.

माझ्या मागे मोबाइलचा खट् असा आवाज झाला. लेकीनं फोटो काढला होता. अजून तीन घरं बाकी होती.